कांदळवनातली झाडावरची समुद्री गोगलगाय: शोधावी कुठे, पाहावी कशी, नोंदवावी कशी

खाडीकाठच्या तिवराच्या खोडावर, चिखलापासून हात-दीड हात वर, करड्या-तपकिरी रंगाचे छोटे टोकदार शंख चिकटलेले असतात. लांबी एक ते तीन सेंटिमीटर. येणारे-जाणारे त्यांना वाळून मेलेले शंख समजतात आणि पुढे जातात. पण त्या जिवंत गोगलगाई आहेत, आणि बागेतल्या नव्हेत, समुद्रातल्या. लिटोरेरिया असं त्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव. लाटांचा मार नसलेले उष्ण प्रदेशातले शांत किनारे, खाड्या, नदीमुखं आणि त्यातही कांदळवनं हे त्यांचं घर. लिटोरेरिया स्काब्रा ही त्यातली सगळ्यांत जुनी नोंदवलेली जात, सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली तिला नाव दिलं. हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत ती सापडते.

समुद्राची असूनही ही गोगलगाय समुद्राला टाळत जगते. पाणी चढलं की झाडावर वर सरकायचं, उतरलं की ओल्या सालीवर खाली यायचं, कोरडं पडलं की दार लावून थांबायचं. हा खेळ पाहायला बोट लागत नाही, महागडं साहित्य लागत नाही. फक्त योग्य तिथी, योग्य जागा आणि एका झाडाजवळ काही तास बसायची तयारी हवी. कांदळवनात जाऊन शंभर झाडं पाहण्यापेक्षा एक झाड भरतीभर पाहणं जास्त शिकवतं, असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्याच पद्धतीने लिहिला आहे.

आधी तिथी काढा

किनाऱ्यावरच्या माणसाला हा हिशेब पाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. मुंबई आणि रायगडच्या पट्ट्यात हा आडाखा चांगला लागू पडतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. तृतीयेला सव्वादोनला भरती, सकाळी आठच्या आसपास सुकती.

आपल्या कामासाठी शुद्ध किंवा वद्य पक्षातली द्वितीया ते चतुर्थी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नुकतंच होऊन गेलेलं असतं, पाण्याचा चढउतार अजून मोठा असतो, आणि सुकती सकाळी सात ते नऊच्या दरम्यान येते. म्हणजे सकाळी कोरडं झाड पाहायचं आणि दुपारी दीड ते तीनपर्यंत पाणी चढताना पाहायचं, सगळं उजेडात. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी फार चढतही नाही, उतरतही नाही. त्या दिवशी गोगलगाई हलताना कमी दिसतात आणि नवखा माणूस कंटाळून परत जातो.

तिथीच्या हिशेबावर संपूर्ण भिस्त ठेवू नका. त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं छापील किंवा ऑनलाइन कोष्टक पाहाच. कोष्टकातली वेळ बंदराच्या तोंडाची असते. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. जवळच्या धक्क्यावर कोळी बांधवांना विचारलंत तर आतल्या जागेची अचूक वेळ मिळते.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गोगलगाई जास्त चपळ असतात हे खरं, पण त्याबद्दल पुढे.

जागा निवडा, चिखलात शिरू नका

महाराष्ट्रात सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं राखीव वन म्हणून जाहीर झालेली आहेत. २०१२ पासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष त्यांचं काम पाहतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या निकालाने कांदळवन तोडण्याला राज्यभर मनाई आहे. अशा वनात परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि तिथून काहीही उचलायचं नाही. विद्यार्थ्यांना प्रकल्प करायचा असेल तर कॉलेजमार्फत कांदळवन कक्षाकडे आधी अर्ज करावा.

पण नुसतं पाहण्यासाठी वनाच्या पोटात जायची गरजच नाही. खारभूमीच्या बांधावर, उघाडीच्या (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) दगडी बांधकामाशेजारी, जुन्या धक्क्याच्या कडेला तिवराची आणि चिपीची झाडं हाताच्या अंतरावर येतात. बांधावर बसून खोड, फांद्या आणि पानं सगळं दिसतं. कित्येकदा धक्क्याच्या दगडांवरही याच गटातल्या गोगलगाई असतात. लिटोरेरिया इंटरमीडिया आणि लिटोरेरिया अंड्युलाटा या जाती दगडावरही राहतात.

सोय असलेल्या जागाही आहेत. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडीत बोटफेरी निघते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्थानिक महिलांचा गट कांदळवन सफर घडवतो. होडी झाडांच्या इतकी जवळून जाते की मुळांवरची गोगलगाय डोळ्यांसमोर येते. गोव्यात चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात कांदळवनातून पायवाट काढलेली आहे. पक्षी पाहायला येणारे सगळे वर पाहत चालतात, तुम्ही शेजारच्या खोडांकडे बघत चाला.

चिखलात उतरणं भाग असेल तर स्थानिक माणूस सोबत घ्या. पाणी समोरून येतंय असं वाटतं तेव्हा ते मागच्या ओहळातून आधीच शिरलेलं असतं, आणि परतीची वाट तिथूनच असते. मुळांवर कालवं असतात, त्यांची धार पाय सोलून काढते. बंद आणि घट्ट बूट हवेत, चप्पल चिखलात राहते. तिवराभोवती चिखलातून वर आलेली बोटाएवढी श्वसनमुळं पायाखाली मोडू नका, झाड त्यांच्यावाटे श्वास घेतं. गेवा नावाचं झाड ओळखून ठेवा, काही ठिकाणी त्याला फुंगळी म्हणतात. त्याची पानं-फांद्या मोडल्या की पांढरा चीक येतो. तो कातडीला भाजतो आणि डोळ्यांना अतिशय घातक असतो. कोणतीही फांदी हाताने बाजूला करण्याआधी ती कशाची आहे ते पाहायची सवय लावा.

सोबत काय न्यावं? दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही आणि पेन्सिल (पेनाची शाई खाऱ्या दमटपणात पसरते), सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पाणी, टोपी. आणि तीन मीटर लांबीची सुती दोरी, दर पंचवीस सेंटिमीटरला गाठ मारलेली. ही दोरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, तिचं काम पुढे सांगतो.

झाडावर नजर कुठे टाकायची

आधी पाण्याची रेघ शोधा. तिवराच्या खालच्या पानांवर गाळाचा करडा थर असतो आणि एका उंचीच्या वर पानं एकदम स्वच्छ हिरवी होतात. अलीकडच्या मोठ्या भरतीने पाणी कुठवर आलं होतं ते हा थर सांगतो. या रेघेच्या थोडं खाली आणि थोडं वर, हीच गोगलगाईंची मुख्य वस्ती.

मग खालून वर चला. मुळं आणि खोडाचा खालचा भाग पाहा: सालीच्या भेगा, फांदी फुटते तिथली बेचकी, खोडाची सावलीतली बाजू. जाड कवचाच्या, खडबडीत गोगलगाई इथे मिळतात. लिटोरेरिया स्काब्रा याच भागात राहते. कवचावर गोल फिरणाऱ्या ठळक धारा आणि त्या धारांवर तुटक काळपट रेघा. त्यानंतर फांद्या आणि पानं पाहा. पानाची खालची बाजू विसरू नका. पानांवर राहणाऱ्या जातींचं कवच पातळ आणि हलकं असतं. लिटोरेरिया पॅलेसेन्ससारख्या जातीत एकाच झाडावर पिवळे, नारिंगी आणि गडद तपकिरी शंख शेजारीशेजारी असू शकतात. त्यांना तीन वेगळ्या जाती समजू नका.

हा रंगभेद शोभेचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या मॅग्नेटिक बेटावर याच गटातल्या दुसऱ्या एका जातीवर रंगांचं प्रमाण मुद्दाम बदलून प्रयोग केले गेले. ज्या रंगाचे शंख विरळ, ते जास्त टिकतात असं त्यात दिसलं. शिकारी नेहमीच्या रंगाला सरावतो आणि वेगळा दिसणारा वाचतो.

झाडांचे प्रकारही लिहून घ्या. तिवर, चिपी, कांदळ, काजळा यांची साल आणि पानं वेगळी, त्यामुळे ओल धरून ठेवण्याची ताकदही वेगळी. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, निदान तो तरी ओळखता यायला हवा.

हीच ती, याची खात्री

कांदळवनात शंख पुष्कळ, सगळे आपले नव्हेत. चिखलावर हाताच्या बोटाएवढा काळपट, उंच शंकूसारखा शंख दिसला तर तो टेलिस्कोपियम. चिखलाच्या सपाटीवर बारीक अणकुचीदार शंखांचा सडा पडलेला असतो, तेही दुसरेच. दगडावर अर्धगोल, वाटोळा, तोंडाशी दात असलेला शंख म्हणजे नेरिटा. त्याचं झाकण, म्हणजे शंखाचं तोंड बंद करणारं दार, चुन्याचं, कडक असतं.

आपल्या गोगलगाईचं झाकण पातळ, तपकिरी, शिंगासारख्या पदार्थाचं असतं, वाकवलं तर वाकेल असं. झाडांच्या बुंध्याशी कॅसिडुलासारख्या आणखी काही गोगलगाई असतात, त्या मोठ्या झाल्यावर त्यांना झाकणच नसतं. म्हणून झाकण पाहणं ही पहिली परीक्षा. त्यासाठी गोगलगाय उपटायची नसते. पाणी चढताना ती चालू लागली की पायाच्या मागच्या टोकावर झाकण ठेवलेलं स्पष्ट दिसतं.

जातीपर्यंत जायची घाई करू नका. लिटोरेरियाच्या जाती नुसत्या कवचावरून ओळखणं तज्ज्ञांनाही अवघड जातं, अनेकदा नराच्या अवयवांची रचना पाहावी लागते. वहीत फक्त ‘लिटोरेरिया’ लिहिणं ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे. चुकीचं जातीचं नाव लिहून ठेवलं तर पुढे वापरणाऱ्याचं नुकसान होतं.

कोरड्या वेळी काय पाहायचं

सुकतीला, ऊन चढल्यावर, भिंग लावून एका गोगलगाईकडे बघा. तिने पाय आत घेतलेला असतो, झाकण बंद असतं, आणि कवचाचा ओठ सालीला फक्त एका पारदर्शक, चकचकीत पापुद्र्याने चिकटलेला असतो. तिच्याच चिकट स्रावाचा हा वाळलेला पापुद्रा. मऊ अंग तापलेल्या सालीला टेकत नाही, त्यामुळे सालीतून येणारी उष्णता कमी पोचते आणि आतलं पाणी आत राहतं. वाऱ्याने फांदी हलली तरी ती पडत नाही. या एका पापुद्र्यावर तिचा दिवस निभावतो, म्हणून तो तोडणं टाळायचं.

आता कवचावरच्या रेघा पाहा. वाढीच्या बारीक समांतर रेघांमध्ये मध्येच एखादी वेडीवाकडी, खाचा पडलेली रेघ दिसेल, आणि तिच्यापुढे कवच पुन्हा नीट वाढलेलं असेल. तो बहुतेक खेकड्याच्या हल्ल्याचा व्रण असतो. खेकड्याने ओठ मोडला, गोगलगाय आत खोल शिरली, वाचली आणि तुटलेल्या जागेपासून कवच पुन्हा बांधलं. कांदळवनातले काही खेकडे सहज झाडावर चढतात. एका झाडावरच्या किती गोगलगाईंना असे व्रण आहेत हे मोजलंत, तर तिथे शिकाऱ्यांचा त्रास किती हे मोजल्यासारखंच आहे. शाळकरी मुलांकडून करून घेण्यासारखी ही फार चांगली नोंद आहे, कारण मुलांची नजर तीक्ष्ण असते.

पाणी चढताना

दोरीचं काम इथे. एक टोक वरच्या फांदीला सैल बांधा, दुसरं चिखलापर्यंत सोडा आणि खालून गाठी मोजा. कोणती गोगलगाय कोणत्या गाठीजवळ आहे ते लिहा. अंगावरचे पट्टे, व्रण, जवळची सालीची खाच अशा खुणांनी पाच-सहा गोगलगाई निवडा. रंगाचा ठिपका लावू नका. मोबाइलवर काढलेला फोटो ओळखीला पुरेसा होतो.

दर अर्ध्या तासाला तीन गोष्टी लिहायच्या: घड्याळाची वेळ, पाणी कोणत्या गाठीला, प्रत्येक गोगलगाय कोणत्या गाठीला. चौथा रकाना ‘काय करते’ याचा: बंद, उघडी पण स्थिर, चालते, खरवडते.

पाणी बुंध्याला लागलं की ओल सालीतून थोडी वर चढते आणि खालच्या गोगलगाई जाग्या होतात. पापुद्रा विरघळतो, झाकण सरकतं, दोन बारीक शिंगं बाहेर येतात. मग ती हळूहळू वर निघते. फिजी बेटांवरच्या लिटोरेरिया स्काब्राच्या अभ्यासातही हेच दिसलं: भरतीला वर, ओहोटीला खाली. तुमच्या झाडावर सगळ्याच हलतील असं नाही. खूप वरच्या, पानांवरच्या गोगलगाई पाणी तिथवर पोचलं नाही तर दिवसभर बंदच राहतील. तेही लिहा. ‘हलली नाही’ ही नोंद ‘हलली’ इतकीच मोलाची आहे, आणि बहुतेकांच्या वह्यांत तीच नसते.

चालत्या गोगलगाईचं डोकं डावी-उजवीकडे झुलत असेल तर ती खात आहे. तिच्या तोंडात दातांच्या रांगा असलेली लांब पट्टी गुंडाळलेली असते, आणि ती पट्टी किसणीसारखी सालीवर फिरते. सालीवरचं सूक्ष्म शेवाळ, बुरशी आणि साल-पानांच्या वरच्या थराचे कण ती खरवडून घेते. पुढचे दात झिजतात, मागून नवे येत राहतात. भिंगातून ओल्या सालीवर खरवडलेला फिकट माग दिसतो, तो तिने कुठून कुठे खाल्लं याचा नकाशाच असतो.

पूर्ण भरतीला अर्धा तास थांबा. पाणी उतरू लागलं की त्या लगेच खाली येतात की ओल सुकेपर्यंत वरच राहतात, हे पाहण्यासारखं आहे. कंटाळून आधी उठलात तर निम्मी गोष्ट हुकते.

हात लावायची वेळ आलीच तर

लांबी मोजायची असेल तर पट्टी शंखाशेजारी धरून फोटो काढा, उपटू नका. एखादी चुकून निघाली तर त्याच झाडावर, त्याच उंचीला, सावलीच्या ओल्या जागी, तोंड सालीकडे करून टेकवा आणि पाय बाहेर काढून घट्ट पकड घेईपर्यंत बोट आधाराला ठेवा. भर उन्हात कोरड्या सालीवर नुसती ठेवली तर ती खाली चिखलात पडते, आणि तिथे खेकडे असतात. दुसऱ्या खाडीतून आणलेली गोगलगाय इथे सोडू नये.

रिकामे शंखही घरी नेऊ नका. त्यांत संन्यासी खेकडे राहतात, आणि मोठ्या होणाऱ्या खेकड्याला प्रत्येक मापाचं रिकामं घर लागतं.

काचेच्या टाकीत पाळण्याबद्दल बरेच जण विचारतात. माझं उत्तर नाही असंच आहे. ती पाण्यातून निघून टाकीच्या झाकणापर्यंत चढते, फटीतून बाहेर पडते आणि फर्निचरखाली वाळते. पिल्लं होण्याचीही आशा नाही. लिटोरेरिया स्काब्रा आणि तिच्या जवळच्या जातींची मादी अंडी बाहेर टाकत नाही. भ्रूण स्वतःच्या कवचाच्या आत सांभाळते आणि पोहू शकणाऱ्या सूक्ष्म अळ्या झाल्यावर त्यांना भरतीच्या पाण्यात सोडते. पुढे त्या अळ्या समुद्रात तरंगत वाढतात आणि मगच एखाद्या किनाऱ्याला लागतात. टाकीत हा समुद्र कुठून आणणार?

रात्र आणि पाऊस

हिवाळ्यातल्या दव पडणाऱ्या रात्री आणि पावसाची भुरभुर या वेळी सगळं झाड जागं असतं. भरती नसतानाही गोगलगाई फिरतात, खातात, जोडी जमवतात. नर मादीच्या कवचावर उजव्या बाजूला चढलेला दिसतो. हाँगकाँगमध्ये याच गटातल्या जातींवर झालेल्या अभ्यासात नर मादीने मागे सोडलेल्या चिकट मागावरून तिच्यापर्यंत पोचतो असं आढळलं आहे.

रात्री जायचं ते फक्त बांधावरून किंवा धक्क्यावरून, किमान तिघांनी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. डास आणि चिलटं निभाव लागू देत नाहीत. टॉर्चचा झोत मंद ठेवा, लाल कागद गुंडाळलात तर उत्तम. पावसाळ्यात उधाणाच्या दिवसांत खाडीकडे फिरकूच नका. मुंबईत साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा पावसाळ्यापूर्वी जाहीर होतात, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नोंद घरी आल्यावर

त्याच दिवशी, चिखल धुवायच्या आधी नाही पण झोपायच्या आधी, वही साफ उतरवून काढा. तारीख, तिथी, ठिकाण, झाडाचा प्रकार, गाळाच्या रेघेची उंची, हवा कशी होती, आणि अर्ध्या तासांचा तक्ता. मग आलेख काढा: आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर उंची, पाण्याची एक रेषा आणि प्रत्येक गोगलगाईची एकेक. पाण्याची रेषा चढताना गोगलगाईंच्या रेषा तिच्या किती पुढे धावतात, की तिने गाठल्यावर हलतात, हे कागदावर लगेच दिसतं.

फोटो आयनॅचरलिस्टवर (सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकायचे असतील तर एका गोगलगाईचे किमान तीन टाका: बाजूने, वरून, आणि दोन हात मागे होऊन झाडासकट. तिसरा फोटो बहुतेक जण टाकत नाहीत, आणि ओळख पटवणाऱ्याला तोच हवा असतो, कारण मुळावरची की पानावरची यावरून निम्म्या जाती बाद होतात. टिपणात चिखलापासूनची उंची आणि त्या वेळी पाणी चढत होतं की उतरत होतं हे लिहा.

त्याच झाडाकडे तीन ऋतूंत परत जा: हिवाळ्यात, एप्रिल-मेच्या तापात, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या अखेरीला. दोरीच्या गाठी तशाच ठेवा, मोजणी चिखलाऐवजी खोडावरच्या एखाद्या कायमच्या खाचेपासून सुरू करा, कारण पावसाळ्यानंतर बुंध्याशी गाळ साचून चिखलाची पातळी बदललेली असते.